उतरत्या गाडीची वीज

मुंबईहून येणारी कसारा लोकल वासिंद सोडून आसनगावला येते. फलाट दिसू लागला की गाडीचा वेग कमी होतो आणि एका मिनिटाच्या आत ती थांबते. शहापूर, किन्हवली, मुरबाड या बाजूंना जाणारे प्रवासी घाईघाईने उतरतात आणि एसटी किंवा रिक्षा गाठायला धावतात. या गडबडीत एक प्रश्न मात्र कोणाच्या मनात येत नाही. इतकी मोठी गाडी इतक्या वेगाने धावत होती. मग ती थांबली तेव्हा तिच्यातली ऊर्जा गेली कुठे?

हा प्रश्न आपण आज विचारायचा आहे, कारण त्याच्या उत्तरात बराच पैसा, बरीच वीज आणि घाटातल्या प्रवाशांची सुरक्षितता अशा तीन गोष्टी दडलेल्या आहेत.

प्रथम ही ऊर्जा किती आहे ते मोजू. गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्ही शाळेत शिकला आहात : वस्तुमानाची निमपट गुणिले वेगाचा वर्ग. बारा डब्यांच्या लोकलचे वस्तुमान प्रवाशांसह ६०० टन, म्हणजे ६ लाख किलोग्रॅम धरू. वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर. आता गुणाकार करा. उत्तर येते १२ कोटी ज्यूल. आपल्या घरच्या वीजबिलात ज्याला 'एक युनिट' म्हणतात ते असते ३६ लाख ज्यूलचे. म्हणजे लोकल एकदा थांबते तेव्हा सुमारे ३३ युनिटे ऊर्जा तिच्यातून बाहेर पडते. आसनगावला ३३, आटगावला ३३, खर्डीला ३३. अशा गाड्या दिवसभर धावतात आणि प्रत्येक गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबते. हिशेब तुम्हीच करा!

ब्रेक म्हणजे शेगडी

ऊर्जा नाहीशी होत नाही, ती फक्त रूप बदलते. साध्या ब्रेकमध्ये एक ठोकळा फिरणाऱ्या चाकावर किंवा तबकडीवर दाबला जातो. घर्षण होते, दोन्ही वस्तू तापतात आणि गतीची ऊर्जा उष्णता होऊन हवेत निघून जाते. सायकलवरून उतार उतरताना ब्रेक धरून ठेवा आणि खाली आल्यावर रबराच्या ठोकळ्याला अलगद बोट लावून पाहा. तो कोमट लागेल. म्हणजे ब्रेक ही एक प्रकारची शेगडीच झाली. फरक इतकाच, की या शेगडीवर कोणी स्वयंपाक करत नाही.

हवेत गेलेली ही उष्णता पुन्हा गोळा करून गाडीला देता येत नाही. धरणातले पाणी जपून सोडले तर त्यावर जनित्र फिरते. तेच पाणी रानात सांडले तर जमिनीत मुरते. पाणी तेवढेच असते, पण त्याचा उपयोग गेलेला असतो. ब्रेकच्या उष्णतेचेही तसेच आहे.

सपाटीवर हे नुकसान केवळ पैशाचे असते. घाटात ते जिवावर बेतू शकते. इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतरताना रस्ता सुमारे ३०० मीटर खाली येतो. १५०० किलोग्रॅमची मोटार तेवढी खाली आली की तिची ४४ लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा मोकळी होते. त्यातली काही चाकांच्या घर्षणात आणि हवेच्या विरोधात खर्च होते. उरलेली जवळजवळ २४ लाख ज्यूल ऊर्जा गाडीचा वेग न वाढू देता कुठेतरी काढून टाकावीच लागते. साडेसात लिटर गार पाणी उकळीला आणता येईल एवढी ही ऊर्जा आहे. ती सगळी चार चाकांच्या ब्रेकमध्ये ओतली, तर ब्रेक फार तापतात आणि तापलेल्या ब्रेकची पकड ढिली पडते. माल भरलेल्या ट्रकचे वजन मोटारीच्या दहा-वीस पट असते. त्याच्या ब्रेकवर काय ताण येत असेल? म्हणूनच घाटाच्या तोंडाशी 'खालच्या गिअरमध्ये चालवा' अशी पाटी असते. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेकवरचा भार हलका होतो.

रेल्वेला तर हा धोका फार पूर्वीपासून ठाऊक आहे. थळ घाटातला, म्हणजे कसारा ते इगतपुरी हा लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला. त्याचा सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ असा आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की १ मीटर वर. तुम्हाला हा चढ किरकोळ वाटेल, पण लोखंडी चाकाला लोखंडी रुळावर तो भारीच आहे. म्हणून कसाऱ्याला बऱ्याच गाड्यांना मागून ढकलणारी जादा इंजिने लावतात. त्यांना 'बँकर' म्हणतात. आणि उतरणारी गाडी आवरेनाशी झालीच, तर तिला वळवून चढावर नेऊन थांबवणारे खास रूळ घाटात ठेवले आहेत. त्यांचे नाव 'कॅच सायडिंग'. घाटात उतरताना गाडीची ऊर्जा नेमकी कुठे टाकायची, हा इंजिनिअरांपुढचा जुना प्रश्न आहे.

एकच यंत्र, दोन कामे

या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर विजेने दिले. ते समजण्यासाठी आपण डायनॅमो लावलेली जुनी सायकल आठवू. डायनॅमोची चकती टायरला टेकवली की दिवा लागतो, पण त्याबरोबर पायांना सायकल जड लागू लागते. दिव्याला मिळणारी ऊर्जा तुमच्याच पायांतून जाते. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर डायनॅमो हा एक लहानसा ब्रेकच आहे. मात्र तो घासून उष्णता करत नाही, वीज करतो.

चुंबकाजवळ तारेचे वेटोळे फिरवले की तारेत विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे मायकेल फॅरडे याने १८३१ मध्ये दाखवले. हा प्रवाह नेहमी आपल्याला निर्माण करणाऱ्या गतीलाच विरोध करतो, हा नियम हाइनरिख लेन्झ याने १८३४ मध्ये मांडला. फॅरडेच्या शोधातून वीज मिळाली आणि लेन्झच्या नियमातून ब्रेक मिळाला.

याच्या उलट, वेटोळ्यात बाहेरून वीज सोडली की ते फिरू लागते. हे झाले चलित्र, म्हणजेच आपली नेहमीची मोटर. मोटर आणि डायनॅमो ही दोन निराळी यंत्रे नाहीत, एकाच यंत्राची दोन कामे आहेत. १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनात ही गोष्ट लोकांनी डोळ्यांनी पाहिली. तेथे ग्राम याचा एक डायनॅमो वीज निर्माण करत होता. त्याच्या तारा दुसऱ्या तशाच डायनॅमोला जोडल्या, तर तो दुसरा डायनॅमो मोटर होऊन फिरू लागला.

व्हिएन्नाचा प्रयोग तुम्हालाही करता येईल. मोडक्या खेळण्यांतून दोन लहान मोटरी काढा. एकीच्या दोन तारा दुसरीच्या दोन तारांना जोडा. आता पहिलीचा दांडा दोऱ्याने जोरात फिरवा. दुसरी जराशी तरी हलेल. नंतर एकच मोटर घ्या आणि तिच्या दोन्ही तारा सुट्या ठेवून दांडा बोटांनी फिरवा. तो सहज फिरतो. मग त्याच दोन तारा एकमेकींना जोडा आणि पुन्हा फिरवा. दांडा जड लागेल. तारा जोडल्या की प्रवाह वाहतो आणि प्रवाह वाहिला की विरोध होतो. विजेच्या ब्रेकचे सारे तत्त्व एवढ्यात आले. (प्रयोग फक्त खेळण्यातल्या मोटरींवर करा. घरातल्या विजेच्या जोडणीला हात लावू नका.)

आपल्या शहापूर तालुक्यात याच तत्त्वाचे एक प्रचंड उदाहरण आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर घाटघर आणि पायथ्याशी चोंढे. घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. त्यात १२५ मेगावॅटचे दोन संच आहेत. विजेची मागणी कमी असते तेव्हा हे संच मोटर होऊन पाणी सुमारे ४०० मीटर वर चढवतात. मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडतात आणि तेच संच उलटे फिरून जनित्र होतात. पाणी चढवायला जेवढी वीज लागते तेवढी उतरताना परत मिळत नाही, थोडी कमीच मिळते. हा 'थोडी कमी' शब्द लक्षात ठेवा. आपल्याला तो पुढे पुन्हा लागणार आहे.

कसारा घाटातला खेकडा

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या बोरीबंदर स्टेशनातून कुर्ल्याकडे भारतातली पहिली विजेची रेल्वेगाडी धावली. तारेतला विद्युतदाब होता १५०० व्होल्ट, प्रवाह दिष्ट. पुढे १९३० मध्ये या तारा इगतपुरीपर्यंत पोचल्या आणि आसनगाव, खर्डी, कसारा येथून विजेची इंजिने धावू लागली.

घाटासाठी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने मालगाड्यांची खास इंजिने मागवली होती. त्यांतली काही स्वित्झर्लंडमध्ये, तर बाकीची इंग्लंडमध्ये बांधली गेली. पुढे-मागे लांबट नाके आणि मधे केबिन असे त्यांचे रूप होते. वळणावर ती सांध्यात वळत, म्हणून परदेशात अशा इंजिनांना 'मगर' म्हणत. आपल्याकडच्या रेल्वे कामगारांनी मात्र त्यांचे नाव ठेवले 'खेकडा'! त्यांतले एक इंजिन आजही दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात पाहायला मिळते.

या खेकड्याचा एक मोठा गुण असा, की उतारावर त्याच्या मोटरी जनित्र होत. गाडीचे वजन चाकांना फिरवी, चाके मोटरींना फिरवीत आणि मोटरींतून निघालेली वीज डोक्यावरच्या तारेत परत जाई. त्याच वेळी लेन्झच्या नियमाने गाडीचा वेगही आटोक्यात राही. याला म्हणतात पुनर्जनन ब्रेक. पुन्हा वीज निर्माण करणारा, म्हणून पुनर्जनन.

तारेत गेलेल्या विजेचे पुढे काय होई? कल्पना करा, एक गाडी इगतपुरीहून उतरते आहे आणि दुसरी कसाऱ्याहून चढते आहे. उतरणारीने तारेत सोडलेली वीज चढणारी उचलते. विहिरीवर एका दोराला दोन बादल्या बांधल्या, तर खाली जाणारी रिकामी बादली वर येणाऱ्या भरलेल्या बादलीचा भार थोडा हलका करते. इथे दोराच्या जागी तांब्याची तार आहे, एवढाच फरक.

हिशेब पाहा. १००० टनांची गाडी ३०० मीटर खाली आली की २९४ कोटी ज्यूल, म्हणजे ८१६ युनिटे ऊर्जा मोकळी होते. सुमारे १५ किलोमीटरच्या मार्गावर चाकांच्या आणि हवेच्या विरोधात ६० कोटी ज्यूल जातात असे धरू. तरी ६५० युनिटे उरतात. त्यांतली निम्मी जरी परत मिळाली तरी सव्वातीनशे युनिटे झाली. महिन्याला १०० युनिटे जाळणाऱ्या घराचे तीन महिन्यांचे काम एका गाडीच्या एका उतरणीत!

यात एक अट आहे. तारेत वीज घालायची तर ती घेणारे कोणी तरी हवे. चढणारी गाडी नसेल तर ती वीज उपकेंद्रातून मागे वीजवाहिन्यांत जायला हवी. दिष्ट प्रवाहाच्या पद्धतीत उपकेंद्रातली बरीच यंत्रे एका बाजूनेच वीज जाऊ देतात. मागची वाट बंद असली की पुनर्जनन थांबते. आता हा सारा मार्ग २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर चालतो. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर मुंबईपर्यंत हा बदल २०१५ मध्ये पुरा झाला. प्रत्यावर्ती प्रवाह रोहित्रातून दोन्ही बाजूंनी जाऊ शकतो, त्यामुळे उतरत्या गाडीची वीज मागच्या वीजवाहिन्यांपर्यंत पोचू शकते.

लोकलचे काय? जुन्या लोकलगाड्यांत ही सोय नव्हती. मुंबईत २००७ पासून नव्या पद्धतीच्या लोकल आल्या. त्यांच्या मोटरींचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक साधनांनी होते आणि थांबताना त्या वीज परत देतात. अशा गाडीने जेवढी वीज घेतली त्यातली सुमारे तीस टक्के ती ब्रेकच्या वेळी परत करते. आपण सुरुवातीला काढलेली ३३ युनिटे पूर्वी पूर्णपणे हवेत जात असत. आता त्यांतला मोठा भाग वाचतो.

विजेची मोटार

रेल्वेच्या डोक्यावर तार असते. मोटारीच्या डोक्यावर काय? काहीच नाही. म्हणून तिला वीज साठवायला बॅटरी लागते. परत मिळालेली वीजही तिने त्याच बॅटरीत भरायची. ही कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये लुई क्रीगर याने बनवलेल्या विजेच्या गाड्यांत अशा ब्रेकचा उपयोग केला होता. भारतात बंगळूरची 'रेवा' २००१ मध्ये आली, तिच्यातही ही सोय होती. पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावची नेक्सॉन विजेवरची मोटार २०२० मध्ये आली. एसटीची 'शिवाई' ही विजेची बस १ जून २०२२ रोजी पुण्याहून अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) धावली.

अशा मोटारीत वेग देणाऱ्या पेडलवरून पाय काढला की मोटर जनित्र होते. गाडीचा वेग हळूहळू कमी होतो आणि बॅटरीत वीज जाते. ब्रेकचे पेडल हलके दाबले तरी बहुतेक गाड्यांत आधी हेच घडते आणि घासणारे ब्रेक नंतर लागतात.

चला, अशा १५०० किलोग्रॅमच्या मोटारीने कसारा घाट चढू आणि उतरू. घाट १० किलोमीटरचा आणि उंची ३०० मीटर धरू. चाके आणि हवा मिळून २०० न्यूटन विरोध करतात असे मानू.

चढताना उंचीसाठी ४४ लाख ज्यूल लागतात आणि विरोधासाठी २० लाख. एकूण ६४ लाख. पण बॅटरीतून निघालेल्या ऊर्जेतली सुमारे पंधरा टक्के वाटेतच तारा, मोटर आणि गिअर गरम करण्यात जाते. म्हणून बॅटरीतून निघायला हवेत ७५ लाख ज्यूल, म्हणजे २.१ युनिटे.

उतरताना ४४ लाख मोकळे होतात. विरोध त्यांतले २० लाख खातो. उरले २४ लाख. चाकापासून बॅटरीत साठेपर्यंत यातला चौथा हिस्सा गळतो असे धरले तर १८ लाख ज्यूल, म्हणजे अर्धे युनिट बॅटरीत पडते.

चढायला २.१ आणि परत फक्त ०.५! तुम्ही कदाचित निराश व्हाल. पण थांबा. जाऊन-येऊन खर्च झाला १.६ युनिटांचा. हेच २० किलोमीटर सपाट रस्त्याने गेलो असतो तर २०० न्यूटन विरोधासाठी १.३ युनिटे लागलीच असती. म्हणजे एवढा घाट चढून उतरण्याची जादा किंमत पडली केवळ ०.३ युनिट. पुनर्जनन नसते तर ती पडली असती ०.८.

मग रेल्वेला इतके जास्त का परत मिळते? कारण लोखंडी चाक लोखंडी रुळावर सहज घरंगळते. आपल्या हिशेबात एक टन मोटारीला सुमारे १३३ न्यूटन विरोध झाला, तर एक टन आगगाडीला ४० न्यूटन. विरोध जेवढा कमी, तेवढी ब्रेकसाठी शिल्लक ऊर्जा जास्त.

फुकटची वीज मिळेल का?

इथे हुशार विद्यार्थी हमखास एक प्रश्न विचारतात. धावताना चाकावर वीज निर्माण होऊ शकते, तर मग चौथ्या चाकाला एक डायनॅमो कायमचा लावून बॅटरी सतत का भरू नये? मोटार कधी थांबायलाच नको!

उत्तर तुम्ही सायकलवरच अनुभवले आहे. डायनॅमो टेकवला की सायकल जड होते. चौथे चाक जेवढी वीज देईल त्याहून जास्त वीज बाकीच्या चाकांना गाडी ओढण्यासाठी लागेल. एका खिशातून रुपया काढायचा आणि दुसऱ्या खिशात ठेवताना दर वेळी चाळीस पैसे सांडायचे, असा हा व्यवहार आहे. गाडीला थांबायचेच असेल किंवा उतारावर वेग आवरायचाच असेल, तेव्हाच पुनर्जननाचा फायदा. कारण त्या वेळी ती ऊर्जा नाहीतरी जाणारच होती.

यातूनच आजच्या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट निघते. वेग वाढवताना १०० पैकी ८५ भाग चाकापर्यंत पोचतात. थांबताना त्या ८५ पैकी पाऊण हिस्सा, म्हणजे ६४ भाग परत येतात. ३६ भाग गेलेच. म्हणून चांगला चालक तो नव्हे जो पुष्कळ ब्रेक मारून पुष्कळ वीज परत मिळवतो. चांगला चालक तो, ज्याला ब्रेक मारण्याची वेळ कमी येते. आपली मोटार दहा वेळा विनाकारण ताशी ७२ किलोमीटरपर्यंत नेऊन थांबवली तर पुनर्जनन असूनही एक तृतीयांश युनिटाहून अधिक वीज वाया जाते. तेवढ्यात ती पाच किलोमीटर गेली असती.

शहाणा चालक काय करतो?

तो लांबवर नजर ठेवतो. पुढे शहापूरचे वळण आहे, वाहने थांबली आहेत असे दिसले की तो लवकर पाय काढतो आणि गाडीला आपोआप मंदावू देतो. असे का? ताशी ७२ किलोमीटर वेगाच्या आपल्या मोटारीत ३ लाख ज्यूल आहेत. ती १२ सेकंदांत थांबवली तर दर सेकंदाला २५ हजार ज्यूल, म्हणजे २५ किलोवॅट शक्ती बॅटरीत जायची. ती बॅटरी सहज घेईल. तीच मोटार ३ सेकंदांत थांबवली तर १०० किलोवॅट! एवढा लोंढा पुष्कळशा बॅटऱ्यांना घेता येत नाही. मग घासणारे ब्रेक लागतात आणि ऊर्जा पुन्हा शेगडीत जाते. अरुंद तोंडाच्या कळशीत पाणी हळू ओतले तरच ते आत जाते, तसेच हे आहे.

तो वेग बेताचा ठेवतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० ऐवजी ९० किलोमीटर वेगाने गेले तर वेग दीडपट, पण हवेचा विरोध सव्वादोनपट. हवेला ढकलण्यात गेलेली ऊर्जा कोणत्याच ब्रेकने परत मिळत नाही. तो टायरमधली हवाही वेळोवेळी तपासतो, कारण नरम टायर जड घरंगळतो.

आणि इगतपुरीला बॅटरी भरायची असेल तर तो ती काठोकाठ भरत नाही. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज मावत नाही. अशी गाडी लगेच घाट उतरू लागली तर पुनर्जनन ब्रेक फारसा लागणार नाही आणि ज्या मदतीची सवय झाली आहे तीच नेमकी उतारावर मिळणार नाही. थोडी जागा रिकामी ठेवली की घाटच ती भरतो.

यंत्राच्या मर्यादा विसरता कामा नयेत. फार कमी वेगात जनित्राचा जोर संपतो, म्हणून गाडी पूर्ण थांबवायला घासणारा ब्रेक लागतोच. अचानक पुढे गुरे किंवा माणूस आला तर त्याचाच आधार. तो कमी वापरला गेल्याने झिजत नाही हे खरे, पण आपल्या पावसाळ्यात न वापरलेल्या तबकड्यांवर गंज चढतो. म्हणून त्याची तपासणी टाळू नये.

तुमच्यासाठी दोन हिशेब

तुमचे वजन आणि सायकलचे वजन मिळून ६० किलोग्रॅम धरा. ताशी १८ किलोमीटर वेगाने जाताना ब्रेक दाबून थांबलात तर किती ज्यूल उष्णता झाली? आणि घरापासून शाळेपर्यंत तुम्ही किती वेळा ब्रेक मारता ते उद्या मोजा. परवा त्याच रस्त्याने, तेवढ्याच वेळात, पण पुढचे पाहून आणि वेळीच पायडल सोडून जा. ब्रेक किती वेळा कमी लागला ते वहीत लिहा. जो आकडा कमी होईल, तेवढ्या वेळा तुमच्या पायांनी कमावलेली ऊर्जा शेगडीत न जाता शाळेपर्यंत पोचली असे समजा.